मृतांचें जिवंतांस देणें

१८३२ सालच्या जून महिन्याची ९ तारीख. लंडनमधील वेब स्ट्रीटवरच्या शरीरशास्त्रशाळेंत कांहीं निमंत्रित मंडळी जमली होती. टेबलावर ८४ वर्षांच्या एका वृद्धाचा देह ठेवलेला होता. बाहेर मेघांचा गडगडाट चालला होता, आणि आंत डॉक्टर साउथवुड स्मिथ त्या देहाशेजारीं उभे राहून व्याख्यान देत होते. तो देह होता जेरेमी बेंथॅम ह्या विख्यात कायदेपंडिताचा. मरणानंतर आपला देह विच्छेदनासाठीं द्यावा, ही इच्छा त्यानें वयाच्या २१ व्या वर्षींच मृत्युपत्रांत नमूद केली होती.

आज ह्यांत कोणास फारसें नवल वाटणार नाहीं. परंतु त्या काळीं हें धाडसच होतें. १७५२ पासून अंमलांत आलेल्या कायद्यान्वयें खुनाबद्दल फांशी गेलेल्यांचीं प्रेतें शस्त्रवैद्यांच्या स्वाधीन केलीं जात. मरणानंतरही विटंबना व्हावी, हाच त्या तरतुदीचा हेतु. साहजिकच विच्छेदन म्हणजे गुन्हेगाराचा कलंक, अशी लोकांची दृढ समजूत झाली. इकडे विद्यार्थी वाढत चालले, आणि फांशीचा पुरवठा त्यांना पुरेना. मग ताज्या कबरी उकरून प्रेतें विकण्याचा धंदाच निघाला.

ह्या धंद्याचें भयंकर टोक एडिंबरो येथें दिसलें. बर्क आणि हेअर ह्या दोघांनीं कबरी उकरण्याचेही श्रम घेतले नाहींत. १८२८ साल संपण्यापूर्वीं त्यांनीं १६ माणसें मारलीं व त्यांचे देह डॉक्टर नॉक्स ह्यांच्या शाळेस विकले. हेअर माफीचा साक्षीदार झाला. बर्क २८ जानेवारी १८२९ रोजीं फांशी गेला, आणि त्याच्याही प्रेताचें विच्छेदन झालें.

बेंथॅमच्या मृत्यूनंतर दोन महिन्यांच्या आंतच, १ ऑगस्ट १८३२ रोजीं, पार्लमेंटचा नवा कायदा मंजूर झाला. दरिद्री लोकांच्या आश्रयगृहांत मेलेल्यांचे बेवारशी देह आतां वैद्यकीय शाळांस मिळूं लागले. प्रेतांच्या चोरीचा बाजार बसला खरा. पण काल जी खुन्याची शिक्षा होती, ती आज गरिबाच्या वांट्यास आली. मुंबई प्रांतांत १९४९ सालीं झालेला शरीरशास्त्र कायदाही बेवारशी देहांवरच उभारलेला होता. ज्याच्या मुखांत अखेरचें पाणी घालण्यास कोणी नाहीं, त्याच्या देहावर भावी डॉक्टरांनीं शिकावें, अशी ती व्यवस्था होती. त्याची संमति कोणीच विचारलेली नसे.

देहावांचून हें शिक्षण पुरें होत नाहीं, हेंही तितकेंच खरें. पुस्तकांतील चित्रांत प्रत्येक रक्तवाहिनी नेमल्या जागीं असते. प्रत्यक्ष माणसांत ती कधीं दुभंगते, कधीं वाट सोडून जाते. ही गोष्ट हाताला प्रथम मृतावर कळावी, जिवंतावर नव्हे. नवी शस्त्रक्रिया योजणारासही हाच आधार लागतो.

म्हणूनच बेंथॅमच्या कृतीचें मोल. गरज तीच राहिली, देहही तसाच. परंतु घेण्याच्या जागीं देणें आलें. आज महाराष्ट्रांत अनेक स्त्रीपुरुष जिवंतपणींच देहदानाचें संमतिपत्र भरतात. त्यावर सही दात्याची असते. पण देह महाविद्यालयांत पोंचविण्याचें काम मागें राहिलेल्यांस करावें लागतें. चितेची तयारी करूं पाहणाऱ्या आप्तांची समजूत घालून, डोळे पुसून, तो शब्द पाळावा लागतो. तें दान एकट्या मृताचें नसतें. त्यांत घरच्यांचाही वांटा असतो.