रोल भरताना

पूर्वी घरात लग्नकार्य निघाले की कॅमेऱ्यात रोल भरण्याचे काम एका ठरावीक माणसाकडेच जाई. बाकीच्यांनी नुसते बघायचे. त्याला कारणही तसेच होते. रोल नीट भरला गेला नाही तर लग्नाचा एकही फोटो येत नसे, आणि हे कळे ते मांडव उतरल्यावर, रोल धुऊन आल्यानंतर! या एका धास्तीवर उपाय शोधण्यात कॅमेरे बनवणाऱ्यांची जवळजवळ शंभर वर्षे गेली.

जॉर्ज ईस्टमनने १८८८ मध्ये अमेरिकेत पहिला कोडॅक कॅमेरा आणला, तेव्हा ग्राहकाने रोल भरण्याच्या फंदात पडावे अशी अपेक्षाच ठेवली नाही. शंभर फोटोंचा रोल कारखान्यातच भरलेला असे. तो संपला की अख्खा कॅमेरा रॉचेस्टरला पाठवायचा. फोटो तयार होऊन, नवा रोल भरून तो परत येई. कॅमेऱ्याची किंमत २५ डॉलर आणि या सेवेचे १० डॉलर. सामान्य माणसाला हे परवडणारे नव्हते.

१८९२ मध्ये बोस्टनच्या सॅम्युअल टर्नरने सोपी युक्ती काढली. फिल्मच्या पाठीला काळा कागद, कागदावर आकडे आणि कॅमेऱ्याच्या मागे लाल काचेची इवलीशी खिडकी. त्या काळच्या फिल्मवर लाल प्रकाशाचा परिणाम होत नसे, म्हणून काच लाल. आता रोल दिवसाउजेडी भरता येऊ लागला आणि तो सरकतो आहे हे डोळ्यांना दिसू लागले. ईस्टमनने १८९५ मध्ये टर्नरची कंपनीच विकत घेतली. आपल्याकडे लोकप्रिय झालेल्या आग्फा क्लिक थ्रीच्या पाठीवर हीच लाल खिडकी होती.

१९२५ मध्ये लायपझिगच्या जत्रेत ऑस्कर बार्नाकचा लायका कॅमेरा आला. त्यात ३५ मिलिमीटरची सिनेमाची फिल्म वापरली होती. कागद नाही, आकडे नाहीत, खिडकीही नाही. फिल्मचे टोक सुमारे १० सेंटिमीटर कापून निमुळते करायचे आणि कॅमेऱ्याच्या तळातून आत सरकवायचे. डबीत फिल्म भरायची तीही अंधारात. १९३४ मध्ये कोडॅकने तयार भरलेली डबी आणली आणि अंधाऱ्या खोलीची गरज संपली.

धास्ती मात्र उरलीच. कारण कॅमेऱ्यावरचा आकडा लिव्हर किती वेळा ओढली ते सांगतो, फिल्म किती सरकली ते नाही. टोक फिरकीतून निसटले तर आकडा ३६ पर्यंत जातो आणि फिल्म जागच्या जागी राहते.

म्हणून जाणकारांची एक रीत ठरून गेली. रोल सावलीत भरायचा. टोक फिरकीच्या खाचेत अडकवून, दोन्ही कडांची छिद्रे दात्यांवर बसली की झाकण लावायचे. फिल्म गुंडाळण्याची डावीकडची कळ हलकेच फिरवून ढिलेपणा काढायचा. मग लिव्हर ओढताना त्या कळीकडे बघायचे. ती उलटी फिरली, तर फिल्म सरकते आहे. लाल खिडकीने जे काम केले, तेच आता ही कळ करत होती.

पुढे १९६३ मध्ये कोडॅक इन्स्टामॅटिकची नुसती आत टाकायची डबी आली, १९६५ मध्ये कॅननने झटपट भरणीची सोय केली आणि नंतर मोटरने हे काम हातात घेतले. पण तोवर बरेच काही हुकून गेले होते. जुन्या अल्बममधून जे प्रसंग गायब आहेत, त्यांतले काही केवळ ती कळ कुणी पाहिली नाही म्हणून गायब आहेत.