माजघराचा दरवाजा

स्मरणिकेसाठी घराच्या सजावटीवर काही लिहून द्यावे, असा निरोप चिटणीसबाईंनी धाडला, तेव्हा आमच्या घरी नेमका त्याच विषयावर वाद चालू होता. मुलाने सातव्या मजल्यावर नवा ब्लॉक घेतला आहे. त्याला जुन्या वाड्याची कळा यावी, अशी सूनबाईंची हौस. दिवाणखान्यात झोपाळा, भिंतीत कोनाडे, देवघरात पितळी समया आणि मुख्य म्हणजे आमच्या पाडलेल्या वाड्यातला माजघराचा दरवाजा. तो आमच्या धाकट्या दिरांच्या शेतावर गोठ्याच्या आडोशाला वीस वर्षे पडून होता. बाकी कशालाच माझी हरकत नव्हती. दरवाजा मात्र मला घरात नको होता. त्याचे कारण पुढे सांगेनच. परंतु 'जुना वाडा, जुना वाडा' म्हणून ज्याचे आपण कौतुक करतो ते होते तरी काय, हे आधी पाहू.

पुण्यातील वाड्यांचा थाट हा पेशवाईतला. शनिवारवाड्याचा पाया १० जानेवारी १७३० रोजी घातला गेला आणि २२ जानेवारी १७३२ रोजी वास्तुशांत झाली. खर्च आला १६,११० रुपये. पेशवे पुण्यात स्थिरावले तसे सरदार, सावकार आणि कारकून मंडळींनीही आपापल्या ऐपतीप्रमाणे वाडे बांधले. जोते दगडाचे, सांगाडा सागवानी लाकडाचा आणि भिंती विटामातीच्या, अशी सर्वसाधारण रीत. लाकूड इतके, की २७ फेब्रुवारी १८२८ रोजी शनिवारवाड्याला आग लागली ती कित्येक दिवस विझेना. आत काय होते याची कल्पना यावी म्हणून आज विश्रामबागवाड्याचा दर्शनी भाग पाहावा. सुरूच्या झाडासारखे निमुळते कोरलेले खांब आणि वर केळफुलाची नक्षी. दुसऱ्या बाजीरावाने हौसेने बांधलेला हा वाडा. पण १८१८ मध्ये राज्य गेले आणि १८२१ मध्ये त्याच वास्तूत इंग्रजांनी संस्कृत पाठशाळा उघडली.

सामान्य वाड्यांचेही तेच झाले. नोकऱ्या, वतने, मुलूखगिरी संपली, उत्पन्न आटले. हळूहळू मालकांनी खोल्या भाड्याने द्यायला सुरुवात केली. ओसरीवर पत्रे ठोकून एक बिऱ्हाड, सोप्यावर दुसरे, माडीवर तिसरे. चौकातला नळ सर्वांत मिळून एक. आपल्यापैकी ज्या भगिनींना वाड्याची आठवण आहे त्यांनी मनाशी विचार करावा, की आपल्याला आठवतो तो वाडा पेशवाईतला की बिऱ्हाडकरूंचा? मला तरी नळावरच्या बादल्यांची रांग आधी आठवते आणि महिरपी नंतर.

१९४७ च्या भाडेनियंत्रण कायद्याने भाडी गोठली. भाडेकरूंना त्याने आधार दिला हे खरेच. पण त्या दहा-पंधरा रुपयांत मालकाने कौले शाकारायची कशी? वाडे गळू लागले, तुळयांना टेकू लागले. त्यातच १२ जुलै १९६१ रोजी पानशेतचे बांधकाम चालू असलेले धरण फुटले, पाठोपाठ खडकवासल्याचेही गेले. नदीकाठच्या पेठांत पाणी शिरले आणि विटामातीच्या भिंती विरघळल्यासारख्या खाली बसल्या. त्या दिवसानंतर पुष्कळ कुटुंबे पेठ सोडून दूरच्या नव्या वसाहतींत गेली, ती परतली नाहीत. उरलेले वाडे पुढच्या तीस-चाळीस वर्षांत एकेक करून पडले आणि त्या जागी ब्लॉक उभे राहिले. आमचा पडला २००४ साली. सागवान घनफुटाच्या भावाने गेले. टेम्पो भरताना मी गच्चीतून पाहत होते. रडू आले नाही, हे कबूल करते.

वाडे पडत असताना त्यांतल्या वस्तूंचे मोल एका गृहस्थांनी फार आधी ओळखले होते. ते म्हणजे दिनकर गंगाधर केळकर (१८९६–१९९०), 'अज्ञातवासी' या नावाने कविता करणारे. अकाली गेलेल्या आपल्या राजा नावाच्या मुलाचे नाव त्यांनी संग्रहाला दिले. शुक्रवार पेठेतल्या त्या संग्रहालयात कोरीव दरवाजे आहेत, तसेच अडकित्ते, दिवे, फण्या आणि पाय घासायच्या वज्ऱ्याही आहेत. कोथरूडच्या मस्तानी महालाचे अवशेष आणून तो त्यांनी तेथे पुन्हा उभा केला. राजेरजवाड्यांच्या तलवारी जपणारे पुष्कळ. स्वयंपाकघरातली वस्तू कपाटात मांडून तिच्याकडे पाहा म्हणणारा विरळा. या कामी त्यांच्या पत्नी कमलाबाई यांची साथ होती, हे आपल्यासारख्यांनी विसरू नये.

जुनी वस्तू नव्या वास्तूत लावण्याची हौस काही आजची नाही. १७३९ मध्ये चिमाजीअप्पांनी वसई घेतली तेव्हा पोर्तुगीजांच्या चर्चमधल्या घंटा मराठ्यांनी आणल्या आणि देवळांत टांगल्या. भीमाशंकरला आणि वाईजवळच्या मेणवलीला त्या आजही पाहायला मिळतात. विजयाची खूण म्हणून आणलेली वस्तू पुढे वाजवायच्या कामी आली आणि त्या देवळाचीच होऊन गेली.

आता ब्लॉकाकडे वळू. सूनबाईंनी बोलावलेल्या सजावटकाराने कोनाडे म्हणून प्लायवुडच्या चौकटी भिंतीवर ठोकायचे ठरविले. मी त्याला म्हटले, "अहो, कोनाडा भिंतीच्या पोटात असतो, पाठीवर नव्हे." वाड्याची भिंत दीड-दोन हात जाडीची. तिच्यात कोनाडा, दिवळी, फडताळ सहज सामावत असे आणि त्याच जाडीमुळे वैशाखातही आत गारवा राही. ब्लॉकाची भिंत चार ते सहा इंचांची. तिच्यात दिवळी खोदली तर शेजारणीच्या स्वयंपाकघरात उजेड पडायचा. तेव्हा कोनाड्यांचा नाद सोडून भिंतीत सरळ सागवानी खुंट्या मारून घेतल्या. खुंटीला टोपी, पिशवी, जपमाळ काहीही अडकते.

झोपाळ्याचेही तसेच. वाड्यात तो तुळईला टांगलेला असे. ब्लॉकात खोट्या छताला कड्या लावून भागत नाही. वरच्या काँक्रीटच्या स्लॅबमध्ये कडी पक्की बसवावी लागते आणि त्याआधी इंजिनिअरला दाखवावे लागते. झोके घेताना भिंतीला पाय लागणार नाही एवढी जागा सोडायची, हेही आधी मोजून घ्यावे. आमच्या ओळखीच्या एका घरी झोपाळा आहे, पण तो हलत नाही.

माझ्या मते वाड्याची कळा येते ती बसण्याच्या उंचीने आणि उजेडाने. आपण जमिनीलगत वावरत होतो. पाट, चौरंग, बैठक, तक्क्या. चौकातला उजेड ओसरीवर यायचा, तेथून मंद होत माजघरात. छतभर पांढरे दिवे लावून खाली शिसवी चौरंग मांडला तर तो दुकानातला वाटतो. एका कोपऱ्यात गादी-लोड घातले, तेथे खाली पिवळा दिवा ठेवला आणि शहाबादी फरशीची एक पट्टी बसविली, की निम्मे काम झाले. सूनबाईंना हे पटले. त्यांनी छतातले अकरा दिवे रद्द केले!

राहता राहिला दरवाजा.

मी १९६९ साली लग्न होऊन त्या वाड्यात आले. माप ओलांडून आत गेले आणि माजघराच्या दाराशी, अंधारात, लाल आलवणातली एक वृद्धा बसलेली दिसली. त्या आमच्या चुलत आजेसासूबाई. आठव्या वर्षी लग्न, दहाव्या वर्षी सगळे संपले. शुभकार्यात समोर यायचे नाही म्हणून त्या दाराच्या चौकटीला डावा खांदा टेकून बसत. पुढे कार्य नसले तरी तेथेच बसत. महर्षी कर्व्यांनी विधवांसाठी आश्रम काढला तो १८९६ साली, याच पुण्यात. १९०० मध्ये तो हिंगण्याला गेला. आमच्या वाड्यापासून हिंगणे अवघे दीड कोस. रमाबाई रानड्यांनी सेवासदन उघडले १९०९ मध्ये, तेही पेठेतच. किती जणी त्या दारांतून गेल्या, शिकल्या, शिक्षिका झाल्या, परिचारिका झाल्या. आमच्या आजेसासूबाईंना घरच्यांनी पाठविले नाही. त्यांनी मला एकदाच विचारले होते, "हिंगण्याला बस जाते का गं आता?" मी हो म्हटले. जाऊन येऊ या, असे म्हणायला मला सुचले नाही. पुढच्याच वर्षी त्या गेल्या.

तेव्हा हा दरवाजा दिवाणखान्यात शोभेला लावायचा, पाहुण्यांनी त्याच्यापुढे फोटो काढायचे, ही कल्पनाच मला सोसेना. एका रात्री सूनबाईंना हे सारे सांगितले. त्या बराच वेळ काही बोलल्या नाहीत. मग म्हणाल्या, "आई, मग तर तो आणायलाच हवा. नाहीतर त्या होत्या हे कुणाला कळणार?"

दरवाजा आला. गणेशपट्टी शाबूत होती, एक कडी गेलेली. सुताराने वाळवी पाहिली, तेलपाणी केले. जुन्या दारांना बिजागऱ्या नसतात. फळीलाच वर-खाली खुंट असतो आणि तो चौकटीच्या भोकात फिरतो. तसेच बसवायला त्याला दोन दिवस लागले. चौकटीच्या डाव्या अंगाला, जमिनीपासून हातभर उंचीवर लाकूड झिजून खोलगट आणि गुळगुळीत झाले आहे. ती जागा पाहून सुतार म्हणाला, "बाई, इथं लांबी भरून सारखं करून देतो, पॉलिश केलं की कळणारसुद्धा नाही." मी काही म्हणायच्या आत सूनबाईंनी त्याला नको म्हणून सांगितले.