मधुमेह, तरुणवयीन एकजनुकीय (मोडी)

एकाच जनुकातील दोषामुळे होणारा, बहुधा पंचविशीच्या आत दिसू लागणारा व घराण्यात पिढ्यान्‌पिढ्या उतरणारा मधुमेह. वैद्यकात तो ‘मोडी’ (मॅच्युरिटी ऑन्सेट डायबेटिस ऑफ द यंग) या आद्याक्षरी नावाने ओळखला जातो. हा दोष प्रभावी असल्याने आई किंवा वडील यांपैकी एकाकडून आला तरी पुरतो. प्रत्येक अपत्याला तो मिळण्याची शक्यता ५० टक्के असते. एकूण मधुमेहींत याचे प्रमाण १ ते ५ टक्के मानतात.

इतिहास : सौम्य मधुमेह असलेल्या तरुणांना टॉल्ब्युटामाइड या साखर उतरवणाऱ्या गोळीने गुण येतो, हे स्टीफन फायन्स व जेरोम कॉन यांनी १९६० मध्ये मांडले. ब्रिटिश वैद्य रॉबर्ट टॅटरसॉल यांनी १९७४ मध्ये अशा कुटुंबांचे तपशीलवार वर्णन केले. या संशोधनाचा कणा म्हणजे मिशिगनमधील ‘आर-डब्ल्यू’ कुटुंब. १९५८ पासून फायन्स यांनी त्याचा पाठपुरावा केला. सहा पिढ्यांतील साडेतीनशेहून अधिक माणसांची नोंद झाली. मुलाबाळांनाही ठराविक काळाने ग्लुकोज पाजून रक्त तपासले जाई. या चिकाटीमुळेच १९९१ मध्ये या कुटुंबातील दोषाची जागा विसाव्या गुणसूत्रावर सापडली आणि १९९६ मध्ये एचएनएफ-४ए हे जनुक हाती आले.

प्रकार : ग्लुकोकायनेज जनुकाचा दोष (१९९२ मध्ये सापडलेला) सर्वांत निरुपद्रवी. हे एन्झाइम स्वादुपिंडातील इन्सुलिन स्रवणाऱ्या बीटा पेशींना रक्तातील साखरेची पातळी ‘कळवते’. दोषामुळे ज्या साखरेला इन्सुलिन स्रवू लागते ती पातळीच थोडी वर सरकते. उपाशीपोटी साखर जन्मापासून साधारण १०० ते १४५ मिग्रॅ. प्रति डेसिलिटर राहते, फारशी वाढत नाही. डोळे, मूत्रपिंड यांना सहसा इजा होत नाही. गरोदरपण वगळता औषध लागत नाही. तरीही अशा कित्येकांना वर्षानुवर्षे विनाकारण गोळ्या दिल्या जातात, हे खेदजनक आहे.

एचएनएफ-१ए जनुकाच्या दोषाच्या प्रकारात मात्र साखर वयाबरोबर चढते व उपद्रवही होतात. सल्फोनिलयुरिया गटातील गोळी अत्यल्प मात्रेतही चांगली लागू पडते. रक्तातील साखर वाढण्याआधीच लघवीत साखर दिसणे ही याची खूण.

एचएनएफ-१बी जनुकाच्या दोषाच्या प्रकारात मूत्रपिंडात पुटी (द्रवाने भरलेल्या पिशव्या) आढळतात.

भारत : चेन्नईत व्ही. मोहन व सहकाऱ्यांनी १९८५ मध्ये भारतीयांत मोडीचे प्रमाण जास्त असल्याचे नोंदवले. तेव्हा जनुकचाचणी नव्हती. आपल्याकडे दुसऱ्या प्रकारचा मधुमेहही तरुणपणीच गाठत असल्याने त्या नोंदीतील सर्वांना आजच्या निकषांवर मोडी म्हणता येईलच असे नाही.

निदान : तरुण, घरात तीन पिढ्या मधुमेह, बीटा पेशींविरोधी प्रतिपिंडे नाहीत, सी-पेप्टाइड (शरीरात इन्सुलिन बनत असल्याची खूण) टिकून आहे, असा रुग्ण समोर आल्यास जनुकचाचणी करावी. मात्र निकाल हाती येऊन वैद्यांनी सांगेपर्यंत चालू असलेले इन्सुलिन रुग्णाने स्वतःहून बंद करू नये.