खानदेशातील अबोल माणसे

२१ फेब्रुवारी १९३२, रविवार. धुळ्याच्या तुरुंगात सत्याग्रही कैद्यांसमोर विनोबा भावे गीतेच्या पहिल्या अध्यायावर बोलू लागले. त्यांचे बोलणे बत्तीस वर्षांचा एक शिक्षक भराभर कागदावर उतरवून घेत होता. १९ जूनपर्यंत अठरा रविवार हा क्रम चालला. बोलणारे विनोबा, लिहिणारे साने गुरुजी. आज घरोघरी असलेली ‘गीता प्रवचने’ ती हीच.

आता एक प्रश्न. या दोघांपैकी अंतर्मुख कोण आणि बहिर्मुख कोण? बोलणारा बहिर्मुख, मुकाट्याने लिहिणारा अंतर्मुख, असे उत्तर चटकन सुचते. ते फसवे आहे. का, हे खानदेशातल्याच काही माणसांकडे पाहून तपासू या.

आधी शब्दांविषयी थोडे. स्विस मानसशास्त्रज्ञ कार्ल युंग याने १९२१ साली आपल्या ग्रंथात माणसांच्या वृत्तीचे हे दोन प्रकार मांडले. मनाची ऊर्जा कोणत्या दिशेला वाहते, आतल्या जगाकडे की बाहेरच्या, हा त्याचा निकष होता. दोन्ही वृत्ती प्रत्येकात असतात, एक वरचढ असते एवढेच, असेही तो मानी. मराठीने या कल्पनेसाठी जे शब्द वापरले ते मात्र फार जुने आहेत. योग आणि वेदान्ताच्या परंपरेत इंद्रिये विषयांकडून वळवून मन आत नेणे म्हणजे अंतर्मुख होणे. तिथे अंतर्मुखता हा जन्मजात स्वभाव नाही, साधनेने मिळवायची अवस्था आहे. व्यवहारात मात्र आपण अबोल माणसाला घुमा म्हणतो, एककल्ली म्हणतो, फारच राग आला तर माणूसघाणा. मोकळेपणे बोलणाऱ्यासाठी इतके बोचरे शब्द आपल्याजवळ क्वचितच सापडतील; फार तर बोलघेवडा. निकाल आधीच लागलेला असतो.

साने गुरुजी कोकणातल्या पालगडचे, पण घडले आणि वावरले ते खानदेशात. १९२४ ते १९३० ते अमळनेरच्या प्रताप हायस्कूलमध्ये शिक्षक होते आणि तिथल्या छात्रालयाचे काम पाहत. मुले शाळेत गेली की हा माणूस त्यांच्या खोल्या झाडी, विस्कटलेली अंथरुणे नीट घडी करून ठेवी. कुणाला रागावणे नाही, उपदेश नाही. मुले परतली की खोली स्वच्छ दिसे आणि दुसऱ्या दिवशी शरमेने ती स्वतः झाडू लागत. त्या काळी ते ‘छात्रालय’ नावाचे हस्तलिखित दैनिक रोज काढत. मुलांशी जे बोलायचे ते बरेचसे त्या कागदावर येई. पुढे पुतणी सुधा हिला लिहिलेली पत्रेही तशीच: समोर बसून सांगता येणार नाही इतके पत्रात सांगणारी. भिडस्तपणा, एकांताची ओढ, चटकन भरून येणारे डोळे. त्यांच्या सहवासातल्या माणसांनी रंगवलेले चित्र बहुतेक असेच आहे.

आणि हाच माणूस सभेत उभा राहिला की हजारोंना हलवीत असे. डिसेंबर १९३६ मध्ये जळगाव जिल्ह्यातल्या फैजपूरला काँग्रेसचे अधिवेशन भरले, ग्रामीण भागात भरलेले पहिलेच. अध्यक्ष जवाहरलाल नेहरू. त्यासाठी गावोगाव हिंडून लोकांना जागे करणाऱ्यांत गुरुजी होते. अमळनेरच्या गिरणी कामगारांत ते बोलले. पंढरपूरचे विठ्ठल मंदिर अस्पृश्यांना खुले व्हावे म्हणून त्यांनी महाराष्ट्र पिंजून काढला आणि १ मे १९४७ पासून दहा दिवस उपोषण केले. भिडस्त माणसाला हे जमले कसे? मला वाटते, प्रश्नच चुकीचा आहे. लाजाळूपणा ही लोकांची भीती आहे. अंतर्मुखता म्हणजे एकांतात बळ मिळणे. ही दोन वेगळी आहेत आणि एकाच माणसात दोन्ही असू शकतात. गुरुजी सभेत स्वतःविषयी बोलत नसत, त्यांच्या मनात जे कधीचे साठले होते ते तिथे वाहू लागे.

विनोबांचेही तेच. मौन आणि एकांत यांची ओढ असलेला हा माणूस १९५१ पासून भूदानासाठी वर्षानुवर्षे गावोगाव चालत राहिला आणि रोज लोकांशी बोलला. धुळ्याच्या तुरुंगात त्या रविवारी समोरासमोर बसले होते ते दोन अंतर्मुखच, असे मी म्हणेन.

धुळ्यातच ३१ डिसेंबर १९२६ रोजी इतिहासाचार्य राजवाडे वारले. एकटे राहणारे, स्वतः रांधून खाणारे, चटकन संतापणारे. ज्यांनी १९१० मध्ये पुण्याचे भारत इतिहास संशोधक मंडळ स्थापले, ते मंडळात फार काळ रमले नाहीत. पण ‘मराठ्यांच्या इतिहासाची साधने’चे बावीस खंड घरात बसून तयार झाले नाहीत. अनोळखी वाड्यांचे दरवाजे ठोठावून, दप्तरे दाखवायला नाखूश असलेल्या मालकांची मनधरणी करून त्यांनी कागद मिळवले. माणूसघाणा म्हणवल्या गेलेल्या माणसाचे हे काम!

इथवर आपण स्वभावाविषयी बोललो. पण प्रत्येक मौन स्वभावाचे नसते, आणि इतिहास वाचणाऱ्याने इथे सर्वाधिक सावध राहावे. जळगावजवळच्या आसोद्यात १८८० साली जन्मलेल्या बहिणाबाई चौधरी. अक्षरओळख नाही, लहान वयात लग्न, ऐन तारुण्यात वैधव्य, आणि जात्यावर, शेतात, चुलीपुढे सुचत गेलेल्या ओव्या. मुलगा सोपानदेव आणि नात्यातल्या एका भावाने त्यातल्या काही टिपून ठेवल्या. बाकीच्या हवेत विरल्या. त्या हयात असताना महाराष्ट्राला त्यांचे नाव ठाऊक नव्हते. मग बहिणाबाई अंतर्मुख होत्या का? सांगता येणार नाही. ज्या विधवेला चारचौघांत बोलण्याची जागाच नव्हती, तिच्या गप्प राहण्याला मानसशास्त्राचे लेबल लावणे म्हणजे तिच्यावर झालेला अन्याय तिच्या स्वभावाच्या खात्यावर मांडणे होय. त्यांच्या गाण्यांत तर माणसे, गुरे, पाखरे, सण, भांडणे यांची गर्दी आहे.

आणि आता या गोष्टीत एक खराखुरा बहिर्मुख येतो: आचार्य अत्रे. व्यासपीठ, वर्तमानपत्र, रंगभूमी, सिनेमा, जिथे गर्दी तिथे अत्रे. ३ डिसेंबर १९५१ रोजी बहिणाबाई गेल्या. त्यानंतर सोपानदेवांनी ती जीर्ण वही संकोचत अत्र्यांना दाखवली. सोपानदेव स्वतः नावाजलेले कवी, तरी आईची गाणी लोकांपुढे ठेवायला त्यांना धीर होत नव्हता. अत्र्यांना असला संकोच ठाऊक नव्हता. १९५२ मध्ये त्यांच्या प्रस्तावनेसह ‘बहिणाबाईंची गाणी’ प्रसिद्ध झाले.

पुढच्याच वर्षी, १९५३ मध्ये, त्यांनी साने गुरुजींच्या ‘श्यामची आई’वर चित्रपट काढला. नाशिकच्या तुरुंगात १९३३ च्या फेब्रुवारीत काही दिवसांतच लिहिले गेलेले ते पुस्तक मराठी घरांत आधीच पोहोचले होते. चित्रपटाने ते वाचता न येणाऱ्यांपर्यंतही नेले. १९५४ मध्ये राष्ट्रीय पुरस्कार पहिल्यांदा दिले गेले तेव्हा राष्ट्रपतींचे सुवर्णपदक याच चित्रपटाला मिळाले. गुरुजी ते पाहायला नव्हते. ११ जून १९५० रोजीच ते गेले होते. आपले छापील पुस्तक बहिणाबाईंनीही पाहिले नाही, आणि पाहिले असते तरी त्यांना ते वाचता आले नसते.