लाल तेल आणि देवमासा

ऑटोमॅटिक गिअरची जुनी अमेरिकन गाडी ज्याने सांभाळली आहे, त्याला एक काम तोंडपाठ असते. गाडी थोडी फिरवून गरम करायची, सपाट जागी उभी करून हँडब्रेक ओढायचा. पाय ब्रेकवर ठेवून गिअरचा दांडा सगळ्या जागी एकदा फिरवून आणायचा. मग इंजिन चालूच ठेवून बॉनेटखालची लांब डिपस्टिक काढायची, फडक्याने पुसायची, आत घालून पुन्हा काढायची. तेल वरच्या दोन खुणांच्या मध्ये हवे. कमी असेल तर त्याच नळीतून, नरसाळ्याने, थोडे थोडे घालायचे. रंग लाल असला की निश्चिंत. तपकिरी दिसले आणि करपल्याचा वास आला, तर मेकॅनिक गाठायचा.

गिअरबॉक्सच्या तेलाचे एवढे कौतुक कशासाठी? तर इथे तेल हे नुसते वंगण नाही. इंजिनची शक्ती तेच पुढे पोचवते आणि पंपाच्या दाबाने क्लचच्या चकत्याही तेच आवळते. ड्रायव्हरच्या डाव्या पायाचे काम जणू तेलाने उचललेले असते.

जनरल मोटर्सने 1939 मध्ये ‘हायड्रा-मॅटिक’ गिअरबॉक्स आणला, आणि 1949 मध्ये त्याच्या तेलासाठी ‘टाइप ए’ हे प्रमाण ठरवले. चकत्यांनी एकमेकींना धक्का न देता धरावे, पण घसरू नये, अशी ही तारेवरची कसरत. ती साधण्यासाठी खनिज तेलात एक खास तेल मिसळत. ते येई स्पर्म व्हेल या देवमाशापासून! हे तेल म्हणजे खरे तर पातळ मेण. उष्णतेत टिकणारे, धातूला घट्ट चिकटून राहणारे.

1859 मध्ये पेनसिल्व्हेनियात टायटसविल येथे खनिज तेलाची विहीर लागली, रॉकेलचे दिवे आले आणि देवमासे वाचले, असे आपण ऐकत आलो. दिव्यांपुरते ते खरेही आहे. पण आधीच्या दोन शतकांत मिळून मारले गेले नव्हते, इतके स्पर्म व्हेल एकट्या विसाव्या शतकात मारले गेले. घरातल्या दिव्यातून गेलेले हे तेल यंत्रांत शिरले होते.

1970 मध्ये अमेरिकेने स्पर्म व्हेलला धोक्यातील प्राण्यांच्या यादीत घातले. 1971 मध्ये कॅलिफोर्नियातील रिचमंडचे, देशातले अखेरचे देवमासे-केंद्र बंद झाले. आता गाड्यांचे काय? रसायनतज्ज्ञ कामाला लागले. वाट सोपी नव्हती. सुरुवातीच्या काही नव्या तेलांनी रेडिएटरमध्ये गिअरचे तेल थंड करणाऱ्या नळ्यांचे झाळलेले सांधेच खाल्ले. अ‍ॅरिझोनाच्या वाळवंटातल्या होहोबा झुडपाच्या बियांतही तसेच पातळ मेण सापडते, म्हणून त्याचाही अभ्यास झाला. पण ते महाग पडे. शेवटी प्रयोगशाळेत बनवलेल्या द्रव्यांनी जागा भरून काढली. ज्याच्यावाचून चालणार नाही असे वाटत होते, त्याच्यावाचून चालले.

हल्लीच्या अनेक गाड्यांच्या गिअरबॉक्सला डिपस्टिकच नसते. जुन्या गाडीला ती आहे, तर अधूनमधून जरूर पाहावी आणि गाडीच्या पुस्तिकेत सांगितले आहे त्याच जातीचे तेल घालावे. पट्टीवर तेलाची पातळी कळते, रंग कळतो. ते कुठून आले आणि त्याची किंमत कोणी मोजली, हे मात्र पट्टी सांगत नाही. ते आपणच विचारावे लागते.