पेठेचा धनी आणि त्याचा अभ्यासक

फ्रान्स देशाच्या शांपेन प्रांतांत, सीन नदीच्या कांठीं, त्र्वा नांवाचें एक जुनें शहर आहे. बाराव्या व तेराव्या शतकांत या शहरीं व त्याच प्रांतांतील आणखी तीन गांवीं मिळून वर्षास सहा मोठ्या व्यापारी जत्रा भरत असत. उत्तरेकडून फ्लँडर्सचें लोकरी कापड येई. दक्षिणेकडून इटलीचे सावकार व व्यापारी मसाले आणि रेशीम घेऊन येत. त्या प्रांताचा अधिपति जो काउंट, तो स्वतः कापड विकीत नसे कीं मिरीं विकीत नसे. दोघांनीं निर्धास्तपणें एकमेकांस भेटावें अशी जागा, एवढीच वस्तु त्याच्यापाशीं विकावयास होती. वाटेनें येणाऱ्यांस तो अभयपत्र देई, जत्रेवर आपले अधिकारी नेमून तंटे तोडी, आणि त्या मोबदल्यांत हशील घेई. इटालियन येणार नसतील तर फ्लेमिश कशास येतील, आणि फ्लेमिश न आले तर इटालियन तरी आल्प्स पर्वत ओलांडून कशास येतील? दोन्ही पक्ष आले तरच पेठ. एक जरी फिरला तरी नुसतें मैदान.

याच त्र्वा शहरीं ९ ऑगस्ट १९५३ रोजीं झाँ तिरोल यांचा जन्म झाला. योगायोगावर इमले रचूं नयेत, हें इतिहासाच्या अभ्यासकास कोणी सांगावयास नको. परंतु ज्या शास्त्रज्ञानें पुढें ‘पेठेच्या धन्याचें’ अर्थशास्त्र रचलें, त्याची जन्मभूमि ही असावी, याचा उल्लेख केल्यावांचून आमच्यानें राहवत नाहीं.

तिरोल यांचे वडील डॉक्टर होते व आई भाषेची अध्यापिका. मुलाचा ओढा गणिताकडे होता. १९७६ सालीं एकोल पॉलितेक्निक या नामांकित संस्थेची पदवी घेऊन ते पूल व रस्ते बांधणाऱ्या सरकारी एंजिनियरांच्या जुन्या विद्यालयांत गेले. एंजिनियरीच्या शाळेंतून अर्थशास्त्री निघावा याचें आपणांस नवल वाटेल. फ्रान्समध्यें तें वाटत नाहीं. शंभर-सवाशें वर्षांपूर्वीं याच खात्यांतील ज्यूल द्युप्युई या एंजिनियरानें पुलावरील जकात किती असावी याचा हिशोब करतां करतां अर्थशास्त्रांत मोलाची भर घातली होती. रेल्वेच्या तिसऱ्या वर्गाच्या डब्यांना छप्पर कां नसतें, याचें उत्तर त्यानें १८४९ सालीं दिलें: छपराचा खर्च वांचावा म्हणून नव्हे, तर ज्याला दुसऱ्या वर्गाचें भाडें परवडतें त्यानें तिसऱ्यांत बसूं नये म्हणून! गरिबाला भिजविण्यांत कंपनीचा त्याच्यावर कांहीं राग नव्हता. तिला भीति घालावयाची होती ती दुसऱ्यास. भावाच्या पोटांत असा डाव असतो, हें ओळखण्याची दृष्टि तिरोल यांना या परंपरेनें दिली असें म्हणावयास हरकत नाहीं.

पुढें ते अमेरिकेंत मॅसॅच्युसेट्स इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजी या संस्थेंत गेले. तेथें एरिक मॅस्किन यांच्या हाताखालीं १९८१ सालीं त्यांनीं डॉक्टरेट मिळविली, आणि १९८४ पासून १९९१ पर्यंत तेथेंच अध्यापन केलें. मक्तेदारीविषयीं त्या काळीं दोन ठाम मतें प्रचलित होतीं. एका पक्षाचें म्हणणें, मोठी कंपनी दिसली कीं सरकारनें तिला वेसण घालावी. दुसऱ्याचें म्हणणें, बाजार आपल्या चुका आपणच दुरुस्त करितो, सरकारनें दूर राहावें. तिरोल यांनीं दोघांनाही एकच प्रश्न विचारला: कोणत्या धंद्यांत? १९८८ सालीं प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या औद्योगिक संघटनेवरील ग्रंथांत हाच प्रश्न शेंकडों रूपांनीं आला आहे, आणि पुढें जगभरच्या विद्यापीठांत तो ग्रंथ पाठ्यपुस्तक झाला.

या कामांत त्यांना एक जिवाभावाचा सहकारी लाभला. झाँ-जाक लाफों हे दक्षिण फ्रान्समधील तुलूझचे सुपुत्र. हार्वर्ड येथें शिकून स्वगांवीं परतलेले. दोघांनीं मिळून १९८६ सालीं एका व्यावहारिक अडचणीची गांठ सोडविली. सरकार एखाद्या कंत्राटदाराकडून रस्ता करवून घेतें. पण खरा खर्च किती, हें कंत्राटदारास ठाऊक असतें, सरकारास नसतें. ‘जो खर्च येईल तो देऊं’ म्हणावें तर काटकसर कोणी करीत नाहीं. ‘इतकेच देऊं’ म्हणावें तर हुशार कंत्राटदार अवाच्या सवा नफा खिशांत घालतो. यावर त्यांनीं सुचविलेली युक्ति अशी, कीं दोन्ही तऱ्हेचे करार पुढें ठेवावे व निवड कंत्राटदारावरच सोंपवावी. ज्याचें काम खरोखर स्वस्तांत होतें तो ठरीव रकमेचा करार उचलतो. ज्याचें होत नाहीं तो खर्च वांटून घेण्याचा. निवडींतूनच लपलेली गोष्ट बाहेर पडते. १९९० सालीं लाफों यांनीं तुलूझ येथें एक अर्थशास्त्रीय संशोधनसंस्था काढली, आणि अमेरिकेंतील मानाची जागा सोडून तिरोल त्यांस येऊन मिळाले. राजधानीपासून दूर असलेल्या त्या शहराचें नांव या शास्त्रांत आज सर्वतोमुखीं झालें आहे, याचें श्रेय या मैत्रीस आहे.

आतां आपल्या मुख्य विषयाकडे वळूं. प्रस्तुत लेखकानें पुष्कळ वर्षें वर्गांत शिकविलें, कीं मक्तेदार म्हणजे भाव चढविणारा, आणि खर्चाहून कमी भावानें विकणारा तो प्रतिस्पर्ध्याचा गळा घोटूं पाहणारा. एके दिवशीं मागच्या बाकावरील एका मुलीनें विचारलें, “सर, जो आपला माल फुकटच देतो, तो मक्तेदार कसा?” प्रश्न इंटरनेटवरील शोधयंत्राविषयीं होता. फळ्यावरच्या आकृतीनें त्याचें उत्तर देतां येईना, हें कबूल केलें पाहिजे.

तें उत्तर तिरोल व त्यांचे तुलूझमधील सहकारी झाँ-शार्ल रोशे यांनीं शोधलें होतें, आणि तेंही शोधयंत्रांचा अभ्यास करून नव्हे, तर बँकेच्या कार्डांचा. गिऱ्हाईक कार्डानें पैसे देतें तेव्हां दुकानदाराची बँक गिऱ्हाइकाच्या बँकेस थोडी रक्कम देते; आपल्याकडील जुन्या हुंडणावळीसारखीच ही एक दस्तुरी म्हणा ना. ती शेवटीं दुकानदाराच्या माथीं बसते, आणि कार्ड बाळगणाऱ्यास उलट बक्षिसें मिळतात. हा अन्याय आहे काय? २००३ सालच्या आपल्या निबंधांत या दोघांनीं दाखविलें, कीं जेथें दोन पक्षांची गांठ घालून देणें हाच धंदा आहे, तेथें एकूण भाव किती याइतकेंच तो दोघांत कसा विभागला आहे यालाही महत्त्व असतें. ज्याला ओढून आणणें कठीण, त्याला स्वस्त किंवा फुकट. ज्याला येण्याची गरज अधिक, त्याच्यावर भार. व्यवहारांत ही गोष्ट नवी नव्हती. १८३६ सालीं पॅरिसमध्यें एमील द झिरार्दां यानें ‘ला प्रेस’ हें दैनिक काढलें, तेव्हां इतर पत्रांची वर्गणी ऐंशीं फ्रँक असतां त्यानें ती चाळीस ठेविली, आणि तूट जाहिरातदारांकडून भरून काढली. व्यापाऱ्याच्या हातास जें कळत होतें, त्याचें शास्त्र होण्यास पावणेदोनशें वर्षांच्या जवळपास काळ जावा लागला, इतकेंच.

या शोधाचा परिणाम मात्र दुधारी झाला. फुकट देणें हा गुन्ह्याचा पुरावा नव्हे आणि चढी दस्तुरी हाही नव्हे, असें ठरल्यावर न्यायाधीशानें मोजावें तरी कशानें? २०११ सालीं रोशे व तिरोल यांनीं एक कसोटी विस्तारानें मांडली, तिला ‘प्रवाशाची कसोटी’ म्हणतात. दुकानदारासमोर एक प्रवासी उभा आहे. तो पुन्हां या दुकानांत येणार नाहीं, आणि त्याच्या खिशांत रोकड आहे. कार्ड नाकारलें तरी हा गिऱ्हाईक जात नाहीं. असें असूनही, रोख मोजण्या-सांभाळण्याची कटकट वांचते म्हणून दुकानदार खुषीनें कार्ड घेईल, तर दस्तुरी रास्त; न घेईल, तर एरवीं तो ती गिऱ्हाईक शेजारच्या दुकानीं जाईल या भीतीपोटीं देत आहे असें समजावें. युरोपियन कमिशननें या कसोटीचा आधार घेतला, आणि २०१५ च्या कायद्यानें बँकांमधील ही रक्कम डेबिट कार्डावर शेंकडा ०·२ व क्रेडिट कार्डावर ०·३ यांहून अधिक नसावी असें बंधन घातलें. परंतु १८ च्या सालीं, म्हणजे २०१८ च्या जूनमध्यें, अमेरिकेच्या सुप्रीम कोर्टांत याच विचारसरणीचा उपयोग उलट बाजूनें झाला. अमेरिकन एक्स्प्रेस कंपनी दुकानदारांस, गिऱ्हाइकाला दुसऱ्या स्वस्त कार्डाकडे वळवूं नका, अशी अट घाली. दुकानदारांवरील दस्तुरी वाढली एवढें दाखविणें पुरेसें नाहीं, दोन्ही पक्ष एकत्र धरून नुकसान दाखवा, असें म्हणून पांच विरुद्ध चार मतांनीं कोर्टानें कंपनीच्या बाजूनें निकाल दिला.

एकच शास्त्र एकीकडे लगाम झालें, दुसरीकडे ढाल. यावरून कित्येक टीकाकार म्हणतात, कीं ‘परिस्थितीप्रमाणें पाहावें’ हा उपदेश ज्याच्याजवळ मोठे वकील आहेत त्याच्याच सोयीचा. तुलूझच्या संस्थेस मोठ्या कंपन्यांकडून पैसा मिळतो, यावरही फ्रान्समध्यें टीका झालेली आहे. हे आक्षेप हंसण्यावारी नेण्यासारखे नाहींत. तथापि रोग्याची नाडी न पाहतां सर्वांस एकच काढा देणारा वैद्य निःपक्षपाती म्हणावा काय, हाही प्रश्न आहेच.

१३ ऑक्टोबर २०१४ रोजीं बाजारसत्ता व तिचें नियमन यांच्या विवेचनाबद्दल तिरोल यांना अर्थशास्त्राचें नोबेल पारितोषिक जाहीर झालें. तें त्यांना एकट्यास मिळालें. लाफों १ मे २००४ रोजीं कर्करोगानें निवर्तले होते, आणि मृतांस हें पारितोषिक देत नाहींत. सत्तावन्नाव्या वर्षीं गेलेल्या त्या मित्राचें नांव तुलूझच्या प्रतिष्ठानास दिलेलें आहे. पुढें रस्त्यांत भेटणारे लोक अर्थशास्त्र्यास नाना प्रश्न विचारूं लागले, तेव्हां तिरोल यांनीं २०१६ सालीं सामान्य वाचकांसाठीं ‘लोकहिताचें अर्थशास्त्र’ अशा आशयाच्या नांवाचा ग्रंथ लिहिला.

हा प्रश्न आतां आपल्याही दारीं आला आहे. भाजीवाल्याच्या गाडीवर चौकोनी ठिपक्यांची पाटी लटकते. तिच्यावरून होणाऱ्या यूपीआय व्यवहाराबद्दल दुकानदाराकडून दस्तुरी घेऊं नये, असें भारत सरकारनें १ जानेवारी २०२० पासून ठरविलें. म्हणजे दोन्ही पक्षांस फुकट. मग पेठेचा खर्च कोण सोसणार? सरकार कीं बँका, हा वाद तेव्हांपासून चालू झाला. आणि २०२२ च्या ऑक्टोबरमध्यें आपल्या स्पर्धा आयोगानें गूगल कंपनीस अँड्रॉइडच्या बाबतींत १३३७·७६ कोटि रुपये दंड केला, तो भाव चढविल्याबद्दल नव्हे; दुसऱ्यांची वाट अडविल्याबद्दल.

त्या मुलीस द्यावयाचें उत्तर आम्हांस येथें सांपडतें. धन्यानें भाव काय लावला यावरून त्याची सत्ता कळत नाहीं; त्याला सोडून जाण्याची वाट मोकळी आहे कीं नाहीं, यावरून ती कळते. तेराव्या शतकाच्या अखेरीस जिनोआचीं गलबतें समुद्रमार्गानें थेट फ्लँडर्सला जाऊं लागलीं, शांपेन प्रांत फ्रान्सच्या राजघराण्याकडे गेला, फ्लँडर्सशीं युद्धें झालीं. आणि त्र्वाच्या जत्रा हळूहळू ओसरल्या. व्यापाऱ्यांनीं ना दावा लावला, ना अर्ज केला. ते दुसऱ्या वाटेनें निघून गेले. आजच्या पेठेच्या धन्यास अशा वाटेची भीति वाटत राहील, एवढी व्यवस्था कायद्यानें करावी. ती वाट उघडी असेपर्यंत त्याचें फुकट देणें सुखानें घ्यावें. ती बुजूं लागली, तर मात्र त्या फुकटाची किंमत विचारण्यास उशीर करूं नये.