पाटी आपल्या डोक्यावर, मोजपट्टी लेकीच्या हातात



आपल्या शेजारचा राजेवाडीचा तलाव इंग्रजांच्या काळात दुष्काळी कामातून झाला. माती-दगड गोरगरिबांनी वाहिले. मोजमाप शिकलेल्या माणसांच्या हाती होतं. असे तलाव, कालवे, पूल बांधायला माणसं तयार व्हावीत म्हणून १८५४ साली पुण्यात इंजिनिअरिंगचा वर्ग निघाला. १९४७ साली सांगलीत कॉलेज आलं, तेच आजचं वालचंद. पण खेड्यातून तिथं शिकायचं तर घर सोडावं लागे. मुलींना हेच जड जायचं. खास मुलींसाठी पुण्यात कमिन्स कॉलेज निघालं, तेही १९९१ साली.

२००३ साली सुरू झालेल्या ‘एनपीटेल’मधून आयआयटीच्या प्राध्यापकांची व्याख्यानं चित्रित करून मोफत मिळू लागली. २००४ साली शिक्षणासाठी ‘एज्युसॅट’ उपग्रह सोडला. २०२० साली कोरोनात कॉलेजं बंद झाली आणि सगळा वर्ग मोबाइलवर आला. तेव्हा एक गोष्ट पटली. धडा घरी ऐकता येतो, समजला नाही तर पुन्हा लावता येतो. पण सिमेंट-काँक्रीटचा ठोकळा यंत्रात दाबून किती भार सोसतो, हे प्रयोगशाळेतच हाताला कळतं. म्हणून आता दोन्हींची सांगड घालतात. यालाच मिश्र शिक्षण म्हणतात.

बायांनो, घरात एकच मोबाइल असेल तर तो आधी कुणाला मिळतो? पोराला! लेकीच्या शिक्षणासाठी गटातून कर्ज काढाल, तेव्हा फीबरोबर तिचा मोबाइल आणि एसटीचा पासही हिशेबात धरा. एक नसला तर तिचं शिक्षण अर्धंच राहील.